फारुख इंजिनीअर आणि लँकशायर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारताचे यष्टिरक्षक फारुख इंजिनीअर म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी निघतात: ब्रिलक्रीमची जाहिरात आणि मद्रासचं ते उपाहारापूर्वी हुकलेलं शतक. दोन्ही खऱ्या आहेत, पण त्यांत त्यांच्या आयुष्यातले नऊ इंग्लिश उन्हाळे कुठेच येत नाहीत. १९६८ ते १९७६ ते लँकशायर या इंग्लंडमधल्या कौंटी संघाचे पगारी खेळाडू होते, आणि माझ्या मते त्यांचं क्रिकेट समजून घ्यायचं तर तिथूनच सुरुवात करावी लागते. म्हणून या पानावर कसोटीपेक्षा कौंटीचीच उत्तरं लांबली आहेत.

इंजिनीअर मूळचे कुठले?

मुंबईचे. जन्म २५ फेब्रुवारी १९३८, पारशी कुटुंब, वडील डॉक्टर. दादर पारशी कॉलनीत वाढले, माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेत आणि पुढे पोदार कॉलेजात शिकले. मोठा भाऊ दारियस क्लब क्रिकेट खेळायचा आणि धाकट्याला मैदानावर ओढण्यात त्याचा मोठा वाटा. फारुख यांना खरं तर वैमानिक व्हायचं होतं. आईच्या विरोधामुळे तो बेत बारगळला. माटुंगा, दादर, शिवाजी पार्क हा सगळा पायी फिरण्याचा टापू, आणि त्या काळात भारतीय क्रिकेटचा निम्मा कारखाना तिथेच होता.

प्रथम श्रेणीतलं पदार्पण डिसेंबर १९५८ मध्ये, संयुक्त विद्यापीठांच्या संघाकडून, पाहुण्या वेस्ट इंडिजविरुद्ध. कसोटी पदार्पण तीन वर्षांनी, १ डिसेंबर १९६१ रोजी, कानपूरच्या ग्रीन पार्कवर इंग्लंडविरुद्ध.

भारताकडून त्यांची जागा पक्की होती का?

बराच काळ नव्हती. समोर बुधी कुंदरन होते, आणि ते काही साधे प्रतिस्पर्धी नव्हेत. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध कुंदरननी १९२ धावा कुटल्या. यष्टिरक्षकानं सलामीला येऊन अशी खेळी केल्यावर दुसऱ्या यष्टिरक्षकानं करायचं काय? मध्येच इंद्रजितसिंहजीही संघात येऊन गेले. इंजिनीअर आणि कुंदरन दोघेही आक्रमक, दोघेही प्रेक्षकांचे लाडके, त्यामुळे निवड समितीचं पारडं कधी इकडे तर कधी तिकडे झुकायचं. १९६७ मध्ये एजबॅस्टनला तर दोघं एकाच कसोटीत खेळले. इंजिनीअर यष्टीमागे, आणि कुंदरननी चक्क नवा चेंडू हातात घेऊन गोलंदाजीची सुरुवात केली! संघात वेगवान गोलंदाजांचा किती दुष्काळ होता याचा याहून बोलका पुरावा सापडणार नाही.

पुढे दोघंही ब्रिटनमध्ये स्थायिक झाले: इंजिनीअर मँचेस्टरच्या परिसरात, कुंदरन स्कॉटलंडमध्ये.

मद्रासला नेमकं काय झालं होतं?

जानेवारी १९६७, वेस्ट इंडिजविरुद्धची तिसरी कसोटी. पहिल्या दोन कसोटींत कुंदरन खेळले होते, तिसरीत इंजिनीअर परत आले. समोर वेस्ली हॉल, चार्ली ग्रिफिथ, गॅरी सोबर्स, लान्स गिब्ज. पहिल्याच दिवशी उपाहाराला इंजिनीअर नाबाद ९४. उपाहारानंतर शतक पूर्ण झालं आणि ते १०९ वर बाद झाले.

त्या सहा धावांचं मोल कळायला यादी बघावी. कसोटीच्या पहिल्या दिवशी उपाहारापूर्वी शतक तोवर फक्त तिघांनी केलं होतं: १९०२ मध्ये व्हिक्टर ट्रम्पर, १९२६ मध्ये चार्ली मॅकार्टनी आणि १९३० मध्ये ब्रॅडमन. भारतीयाला हे जमायला २०१८ उजाडावं लागलं, तेव्हा बंगळुरूला शिखर धवननं ते केलं, तेही अफगाणिस्तानच्या पहिल्यावहिल्या कसोटीत. हॉल-ग्रिफिथसमोरचे ९४ आणि ते शतक यांची तुलना मी करणार नाही. वाचकांनी आपापली करावी. ट्रम्परचं शतक ज्या मैदानावर झालं ते लँकशायरचं मँचेस्टरमधलं ओल्ड ट्रॅफर्ड, म्हणजे इंजिनीअर यांचं पुढचं घर.

आणि ब्रिलक्रीम?

केसांना लावायची क्रीम. इंग्लंडमध्ये डेनिस कॉम्प्टन आणि ऑस्ट्रेलियाचे कीथ मिलर यांनी तिची जाहिरात गाजवली होती, त्याच मालिकेत भारताकडून इंजिनीअर आले. देखणा चेहरा, चापून बसवलेले केस, उभ्या कॉलरची ऐट. पैसे आजच्या मानानं किरकोळच, पण क्रिकेटपटूचा चेहरा विकला जातो हे आपल्याकडे तेव्हा नवं होतं.

कौंटी क्रिकेट म्हणजे नेमकं काय? आपल्या रणजीसारखंच ना?

दिसायला तसंच. इंग्लंडमधल्या (आणि वेल्समधल्या ग्लॅमॉर्गनच्या) जिल्ह्यांचे संघ, त्यांची आपसातली स्पर्धा. इंजिनीअर यांच्या वेळी सतरा कौंट्या होत्या. अठरावी, डरहॅम, १९९२ मध्ये आली. पण मूळचा फरक पैशाचा आणि रोजच्या धबडग्याचा. आपल्याकडे रणजीपटू बँकेत, रेल्वेत किंवा टाटांकडे नोकरी करायचा आणि सुटी काढून खेळायचा. तिकडे क्रिकेट हीच नोकरी. एप्रिल ते सप्टेंबर पगार, सामने जवळजवळ रोज.

तेव्हाचा आठवडा असा असे: शनिवारी चॅम्पियनशिप या मुख्य स्पर्धेचा तीन दिवसांचा सामना सुरू करायचा. रविवारी तो अर्धवट ठेवून चाळीस षटकांचा वेगळाच सामना खेळायचा, कधी तर दुसऱ्या गावी, दुसऱ्या संघाशी. सोमवारी परत येऊन शनिवारचा डाव पुढे. मंगळवारी संध्याकाळी तो संपला की किटबॅग गाडीत टाकून पुढचं गाव, कारण बुधवारी नवा सामना. गाडी खेळाडूंनीच चालवायची. पाऊस पडला तर पॅव्हेलियनमध्ये पत्ते कुटायचे. बर्फसुद्धा पडे: २ जून १९७५ रोजी बक्स्टनला डर्बीशायर विरुद्ध लँकशायर सामन्याचा खेळ हिमवर्षावामुळे बंद पडला होता. जूनमध्ये!

यष्टिरक्षकाचा विचार करा. फलंदाज बाद झाला की पॅव्हेलियनमध्ये बसतो, गोलंदाजाला षटकामागे विश्रांती मिळते. यष्टिरक्षक मात्र दिवसभर प्रत्येक चेंडूला उठबस करतो, तेही आठवड्याचे सहा-सात दिवस.

१९६८ मध्येच ते तिकडे कसे गेले? त्याआधी भारतीय कौंटी खेळत नव्हते का?

खेळत होते, पण त्यांची वाट निराळी होती. रणजितसिंहजी आणि दुलीपसिंहजी ससेक्सकडून खेळले, थोरले पतौडी वूस्टरशायरकडून, धाकटे पतौडी ससेक्सकडून. या सगळ्यांचं शिक्षण इंग्लंडात, म्हणजे घर तिकडे होतंच.

मुंबईहून उठून जाणाऱ्या व्यावसायिकाला कौंटीचं दार बंद होतं, कारण नियमानुसार आधी त्या कौंटीत वास्तव्य करून पात्र व्हावं लागे. त्यामुळे आपले खेळाडू जायचे ते लँकशायरमधल्या लीगमध्ये. लीग आणि कौंटी यांची अनेक जण गल्लत करतात. लीग म्हणजे गिरणगावांच्या क्लबांचं शनिवार-रविवारचं क्रिकेट: संघातले दहा जण गावातले गिरणीकामगार, दुकानदार, शिक्षक, आणि अकरावा बाहेरून आणलेला एक पगारी तारा. लाला अमरनाथ नेल्सनला, विजय हजारे रॉटनस्टॉलला, विनू मंकड हॅस्लिंग्डनला, सुभाष गुप्ते रिश्टनला खेळले ते या लीगमध्ये. लँकशायर कौंटीशी त्याचा संबंध नाही.

१९६८ मध्ये नियम सैल झाला आणि प्रत्येक कौंटीला वास्तव्याच्या अटीशिवाय एक परदेशी खेळाडू घेता येऊ लागला. कौंट्यांची तिजोरी रिकामी होत चालली होती, प्रेक्षक आटले होते; त्यावरचा हा उतारा. मग एकाच उन्हाळ्यात सोबर्स नॉटिंगहॅमशायरला, कन्हाय वॉरिकशायरला, बॅरी रिचर्ड्स हॅम्पशायरला, प्रॉक्टर ग्लॉस्टरशायरला, माजिद खान ग्लॅमॉर्गनला, आसिफ इक्बाल केंटला आणि इंजिनीअर लँकशायरला. ही नावं पुन्हा एकदा वाचा. जगातल्या त्या वेळच्या निवडक खेळाडूंत एका भारतीयाचा नंबर लागला, तोही फिरकी गोलंदाज म्हणून नव्हे. त्याच सुमारास क्लाइव्ह लॉइड हॅस्लिंग्डनच्या लीगमध्ये राहून वास्तव्याची अट पूर्ण करत होते. तेही लवकरच लँकशायरकडे आले. दोघांची मैत्री जमली ती कायमची.

तेव्हा लँकशायरची अवस्था कशी होती?

मोठं नाव, वाईट दिवस. १९५० मध्ये सरेबरोबर विभागून चॅम्पियनशिप मिळाली होती, त्यानंतर काहीच हाती नव्हतं. वेगवान गोलंदाज ब्रायन स्टॅथम यांचा १९६८ हा शेवटचा हंगाम. कर्णधारपद जॅक बाँड यांच्याकडे आलं, ज्यांची फलंदाजी सामान्य होती आणि माणसं सांभाळण्याची हातोटी असामान्य. बाँडनी एक गोष्ट हेरली: नव्यानं येत असलेलं मर्यादित षटकांचं क्रिकेट बाकीच्या कौंट्या जत्रेसारखं घेत होत्या. ते गंभीरपणे घेतलं तर जिंकता येईल.

आणि जिंकले. रविवारची लीग १९६९ मध्ये सुरू झाली, सिगारेट कंपनी जॉन प्लेयरच्या नावानं: चाळीस षटकं, गोलंदाजाला कमाल आठ षटकं, चेंडू टाकण्याआधी धावत यायला जेमतेम पंधरा यार्ड. पहिल्याच वर्षी लँकशायर विजेते, दुसऱ्या वर्षीही तेच. साठ षटकांचा जिलेट कप १९७०, १९७१ आणि १९७२ असा लागोपाठ तीनदा, मग डेव्हिड लॉइड कर्णधार असताना १९७५ मध्ये पुन्हा एकदा. ओल्ड ट्रॅफर्ड भरू लागलं. चॅम्पियनशिप मात्र इंजिनीअर यांच्या काळात कधीच आली नाही. १९७० आणि १९७१ मध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत मजल गेली, एवढंच.

त्या संघाचं वैशिष्ट्य क्षेत्ररक्षण. कव्हरला क्लाइव्ह लॉइड (तेव्हा चश्म्यातले, मांजराच्या चालीचे, पुढच्या गुडघेदुखीच्या आधीचे), मिडविकेटच्या आसपास स्वतः बाँड, यष्टीमागे इंजिनीअर. आपल्याकडे १९७१ च्या आधी क्षेत्ररक्षणाकडे किती जण लक्ष देत होते, हे लक्षात घेतलं की इंजिनीअर दर हिवाळ्यात परत येताना काय पाहून येत असतील याचा अंदाज येतो.

अंधारात खेळलेला तो प्रसिद्ध सामना कोणता? इंजिनीअर त्यात होते का?

होते. २८ जुलै १९७१, ओल्ड ट्रॅफर्ड, जिलेट कपची उपांत्य फेरी, समोर माइक प्रॉक्टरचं ग्लॉस्टरशायर. साठ षटकांत त्यांनी ६ बाद २२९ केले. पावसानं मधला तासभर खाल्ला, पण नियमानुसार सामना त्याच दिवशी संपवायचा म्हणून खेळ लांबत गेला. मैदान खच्चून भरलेलं, सीमारेषेच्या आत गवतावरही माणसं बसलेली.

इंजिनीअर यांचा वाटा फलंदाजीत दोन धावांचा, आणि बाद होण्याची तऱ्हाही दुर्मीळ: जॉन मॉर्टिमोरच्या चेंडूवर हिटविकेट, म्हणजे स्वतःच्याच यष्टी पाडून. सगळी मदार तळाच्या फलंदाजांवर आली. साडेआठ वाजून गेले, शेजारच्या रेल्वे स्टेशनचे दिवे लागले. बाँडनी उजेडाबद्दल पंच आर्थर जेप्सन यांच्याकडे तक्रार केली, तेव्हा जेप्सननी वर चंद्राकडे बोट दाखवून, तो दिसतोय ना, मग आणखी किती लांबचं पाहायचंय, अशा अर्थाचं उत्तर दिलं. इंग्लिश क्रिकेटमध्ये हा किस्सा पाठ नसलेला माणूस विरळा. मग डेव्हिड ह्यूजनी मॉर्टिमोरच्या एकाच षटकात २४ धावा काढल्या: चार, सहा, दोन, दोन, चार, सहा. नऊच्या ठोक्याला अवघी दहा मिनिटं उरली असताना लँकशायर जिंकलं. बीबीसीनं नऊच्या बातम्या थांबवून सामना दाखवला.

अंतिम सामना ४ सप्टेंबरला लॉर्ड्सवर केंटशी. आसिफ इक्बाल ८९ वर पोचले होते आणि सामना खेचून नेणार असं दिसत होतं, तेवढ्यात बाँडनी उजवीकडे झेपावून त्यांचा झेल घेतला. लँकशायर २४ धावांनी विजयी.

पण १९७१ च्या उन्हाळ्यात तर भारताचा संघ इंग्लंडमध्ये होता. मग ते दोन्हीकडे कसे?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच.

आधी मागचं सांगायला हवं. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत अजित वाडेकरांचा संघ वेस्ट इंडिजला गेला, गावसकर नावाच्या पोरानं ७७४ धावा केल्या, भारतानं पहिल्यांदा तिथे मालिका जिंकली. त्या संघात इंजिनीअर नव्हते. देशांतर्गत हंगामात न खेळलेल्यांचा विचार निवड समितीनं केला नाही, यष्टिरक्षण पी. कृष्णमूर्तींनी केलं. तेहतिशीत आणि भरात असलेल्या यष्टिरक्षकाला भारतीय क्रिकेटचा सगळ्यात गाजलेला दौरा अशा रीतीनं हुकला.

इंग्लंड दौऱ्यासाठी तोडगा निघाला. लँकशायरशी करार असल्यामुळे इंजिनीअर पूर्ण दौऱ्यावर नव्हते. फक्त कसोटीपुरते संघात यायचे. बाकीच्या सामन्यांसाठी कृष्णमूर्ती आणि तरुण सय्यद किरमाणी. आता तारखा एकापुढे एक ठेवा. २२ ते २७ जुलै लॉर्ड्स कसोटी: जिंकायला १८३ हवे असताना भारत ८ बाद १४५, आणि पाऊस. दुसऱ्याच दिवशी, २८ जुलैला, मँचेस्टरला वर सांगितलेली उपांत्य फेरी, रात्री नऊपर्यंत. ५ ऑगस्टपासून ओल्ड ट्रॅफर्ड कसोटी, म्हणजे स्वतःच्याच घरच्या मैदानावर पाहुण्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये. १९ ऑगस्टपासून ओव्हल. ४ सप्टेंबरला लॉर्ड्सवर जिलेटचा अंतिम सामना. मधल्या फटींत कौंटीचे नेहमीचे सामने. आज खेळाडूंवरच्या ताणाची चर्चा चालते तेव्हा हा तक्ता समोर ठेवावासा वाटतो.

ओव्हलला काय झालं हे सगळ्यांना माहीत आहे, पण लोक चंद्रशेखरच्या ३८ धावांतल्या ६ बळींवर थांबतात. पहिल्या डावात भारताची पडझड होत असताना इंजिनीअरनी ५९ आणि एकनाथ सोलकरनी ४४ केल्या. त्या भागीदारीशिवाय इंग्लंडची आघाडी किती वाढली असती? चौथ्या डावात १७३ गाठताना, आबिद अलीनं विजयी फटका मारला तेव्हा दुसऱ्या टोकाला इंजिनीअर २८ वर नाबाद उभे होते. इंग्लंडमधला भारताचा पहिला कसोटी विजय. तिथल्या खेळपट्ट्या, तिथले गोलंदाज आणि तिथलं हवामान यांची खडानखडा माहिती असलेला संघातला माणूस शेवटी खेळपट्टीवर होता, हा निव्वळ योगायोग मानायला मी तयार नाही.

यष्टिरक्षक म्हणून ते कितपत चांगले होते?

याचं उत्तर आकड्यांत दडलं आहे, आणि ते गमतीशीर आहे. ४६ कसोटींत ६६ झेल आणि १६ यष्टिचीत. लँकशायरकडून १७५ सामन्यांत ४२९ झेल आणि ३५ यष्टिचीत. म्हणजे भारताकडून साधारण दर पाच बळींत एक यष्टिचीत, लँकशायरकडून दर तेरात एक.

एकाच माणसाला दोन वेगळे धंदे करावे लागत होते. भारतात बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकट यांच्यासमोर यष्टीला चिकटून उभं राहायचं, भेगाळलेल्या खेळपट्टीवर. चंद्राचा चेंडू तर मध्यमगतीच्या वेगानं यायचा आणि कुठे वळेल हे कित्येकदा त्यालाही ठाऊक नसायचं. लँकशायरमध्ये पीटर लीव्हर, केन शटलवर्थ या वेगवान गोलंदाजांसाठी पंधरा-वीस पावलं मागे, ओल्या हिरवळीवर, दोन्ही बाजूंना सूर मारत. मे महिन्यातल्या मँचेस्टरच्या थंडीत बोटं बधिर झालेली असताना.

तंत्रात ते किरमाणींइतके बिनचूक नव्हते असं जाणकार म्हणतात, आणि फिरकीपुरतं मला ते पटतं. पण झेल पकडण्याची झेप आणि दिवसभराचा उत्साह यांत त्यांच्या काळात त्यांना तोड नव्हती. १९७० मध्ये दक्षिण आफ्रिकेचा दौरा रद्द झाल्यावर इंग्लंडविरुद्ध ‘रेस्ट ऑफ द वर्ल्ड’ संघ उभा राहिला, तेव्हा लॉर्ड्सवर यष्टीमागे इंजिनीअर होते. पुढे १९७१-७२ मध्ये ऑस्ट्रेलियात गेलेल्या जागतिक संघातही गावसकर आणि बेदींच्या जोडीला ते होतेच.

लँकशायरकडून त्यांच्या धावा मात्र बेताच्याच दिसतात. का?

१७५ सामन्यांत ५,९४२. बेताच्याच आहेत, मान्य. संपूर्ण प्रथम श्रेणी कारकिर्दीत १३,४३६. कसोटीत २,६११, सरासरी ३१.०८, शतकं दोन.

एक कारण जागा. भारताकडून ते बहुतेक वेळा सलामीला. लँकशायरकडे डेव्हिड लॉइड, बॅरी वुड, हॅरी पिलिंग, क्लाइव्ह लॉइड असताना पाचव्या-सहाव्या क्रमांकावर जायचं आणि लगेच हाणामारी करायची. दुसरं कारण स्वभाव. ज्याला ९४ वर उपाहाराला जातानाही खेळ बदलता येत नाही, तो ओल्या खेळपट्टीवर नव्वद मिनिटांत वीस धावा करून डाव वाचवणार? आणि तिसरं, रोजचं यष्टिरक्षण. मी तिसऱ्याला सगळ्यात जास्त वजन देईन.

ते भारताचे कर्णधार का झाले नाहीत?

१९७४ च्या डिसेंबरमध्ये दिल्ली कसोटीला तो योग जवळ आला होता. पतौडी दुखापतीमुळे बाहेर, गावसकरही जायबंदी. संघात सर्वात अनुभवी इंजिनीअर. प्रत्यक्षात नाणेफेकीला गेले वेंकटराघवन, आणि पुढच्याच कलकत्ता कसोटीत वेंकट अकरांतही नव्हते. भारतीय निवडीचा कारभार कसा चालायचा यावर वेगळं भाष्य करायची गरज उरत नाही. इंजिनीअरनी नंतर मुलाखतींत आपली नाराजी लपवलेली नाही.

शेवटची कसोटी कोणती?

जानेवारी १९७५, मुंबई, वानखेडेवरची पहिलीवहिली कसोटी. दोन वर्षांपूर्वी ब्रेबर्नवर इंग्लंडविरुद्ध त्यांनी १२१ केल्या होत्या. वानखेडेवर दोन्ही डावांत शून्य. त्याच सामन्यात वेस्ट इंडिजच्या कर्णधारानं नाबाद २४२ केल्या, आणि तो कर्णधार म्हणजे लँकशायरचा सहकारी क्लाइव्ह लॉइड. काही महिन्यांनी दोघं पुन्हा एकाच ड्रेसिंग रूममध्ये.

पहिल्या विश्वचषकात ते खेळले होते ना?

हो, १९७५ मध्ये. ११ जूनला हेडिंग्लेवर पूर्व आफ्रिकेला १२० वर गुंडाळून भारतानं दहा गडी राखून सामना जिंकला. गावसकर नाबाद ६५, इंजिनीअर नाबाद ५४, सामनावीर इंजिनीअर. एकदिवसीय क्रिकेटमधला भारताचा हा पहिला विजय. त्याच स्पर्धेत लॉर्ड्सवर गावसकरनी साठ षटकं खेळून नाबाद ३६ केल्या होत्या, त्यावर आजवर इतकं लिहिलं गेलंय की मी भर घालत नाही. एवढंच नोंदवतो की त्या संघात मर्यादित षटकांच्या सामन्यांचा सात हंगामांचा रगडा असलेला एक माणूस होता, आणि त्याच्याकडून कुणी काही शिकून घेतल्याचं तरी त्या दिवशी दिसलं नाही.

बेनिफिट म्हणजे काय? त्यांना मिळाला का?

१९७६ मध्ये मिळाला. कौंटीचे पगार तुटपुंजे, म्हणून दीर्घ सेवा केलेल्या खेळाडूला क्लब एक वर्ष बहाल करायचा: त्या हंगामात त्याच्या नावानं सामने, जेवणावळी, सोडती, पबमध्ये फिरणारे डबे, आणि जमलेली रक्कम त्याची. प्रॉव्हिडंट फंडाची लोकवर्गणी म्हणा हवं तर. परदेशी खेळाडूला तो मिळणं म्हणजे कौंटीनं त्याला आपला मानल्याची पावती.

तोच त्यांचा अखेरचा हंगाम. त्या वर्षी जिलेट कपच्या अंतिम सामन्यात लँकशायर हरलं, तेही बिशनसिंग बेदी खेळत असलेल्या नॉर्दॅम्प्टनशायरकडून. डावाच्या शेवटच्या षटकात ह्यूजनी बेदींना २६ धावा काढल्या, तरी उपयोग झाला नाही.

निवृत्तीनंतर?

मँचेस्टरच्या परिसरातच राहिले, कापडाच्या धंद्यात नोकरी केली, समालोचन केलं. पद्मश्री १९७३ मध्येच मिळाली होती. भारतीय क्रिकेट मंडळाचा सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार जानेवारी २०२४ मध्ये हैदराबादला देण्यात आला, म्हणजे वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी.

ओल्ड ट्रॅफर्डवर त्यांच्या नावाचा स्टँड आहे हे खरं का?

खरं. २३ जुलै २०२५ रोजी, इंग्लंड-भारत चौथ्या कसोटीच्या पहिल्या दिवशी, तिथल्या ‘बी’ स्टँडला सर क्लाइव्ह लॉइड आणि फारुख इंजिनीअर या दोघांचं नाव देण्यात आलं. इंग्लंडमधल्या मैदानावर असा मान मिळालेले ते पहिले भारतीय. दोघंही समारंभाला हजर होते.

वानखेडेवर त्यांच्या नावाचा स्टँड नाही. याला मी फार मोठा अन्याय म्हणणार नाही, कारण त्यांचं मुंबईतलं मैदान ब्रेबर्न होतं आणि मुंबईकडे नावांची टंचाई कधीच नव्हती. पण लँकशायरनं नऊ हंगामांचा हिशेब पन्नास वर्षांनी का होईना चुकता केला.

त्यांच्यानंतर लँकशायरकडून कोणते भारतीय खेळले?

सौरव गांगुली २००० मध्ये, पुढे दिनेश मोंगिया, मुरली कार्तिक, व्ही. व्ही. एस. लक्ष्मण, २०२२ मध्ये वॉशिंग्टन सुंदर. श्रेयस अय्यरशी २०२१ मध्ये करार झाला होता, पण खांद्याच्या दुखापतीनं तो जाऊ शकला नाही. बहुतेकांचा मुक्काम काही आठवड्यांचा किंवा एखाद-दोन हंगामांचा.

इतर कौंट्यांत आपल्याकडचे बरेच जाऊन आले: १९८० मध्ये गावसकर सॉमरसेटला, रवी शास्त्री ग्लॅमॉर्गनला, १९९२ मध्ये सचिन यॉर्कशायरचा पहिला परदेशी खेळाडू, २००६ मध्ये झहीर खान वूस्टरशायरला (त्या एका हंगामानं त्याची कारकीर्द पुन्हा उभी राहिली), २०१९ मध्ये अजिंक्य रहाणे हॅम्पशायरला. सलग नऊ हंगाम एकाच कौंटीत काढणारा यांच्यात एकही नाही. आताच्या वेळापत्रकात तसं कुणाला जमणारही नाही, कारण एप्रिल आणि मे हे दोन महिने आयपीएलचे झाले आहेत.